वकीलपत्र आणि आमदारकी : वाटपाच्या एका दाव्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील वकील महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी वीस वर्षांहून अधिक काळ दिवाणी बाजूची वकिली करत होते आणि त्याच तालुक्यातून पुढे विधानसभेवर निवडून गेले. मृत वादीचे वारस आणि स्वतः ते वकील या दोघांच्या संमतीने हा वृत्तान्त लिहिला आहे. गाव, पक्ष, निवडणुकीचे वर्ष आणि ओळख पटेल असे अन्य तपशील गाळले आहेत. वारसांच्या वतीने नंतर मीच वकीलपत्र दाखल केले, त्यामुळे कागदपत्रे मी जवळून पाहिली आहेत आणि मी पूर्ण तटस्थ असल्याचे म्हणणार नाही.

तालुका न्यायालयातली वकिली आणि राजकारण यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. यशवंतराव चव्हाणांनी कायद्याची पदवी घेऊन कराडला वकिली केली आणि १९४६ मध्ये दक्षिण साताऱ्यातून ते मुंबई प्रांताच्या विधिमंडळावर निवडून गेले. त्यामागचे कारण रोज डोळ्यांसमोर असते. सात-बारावरचे नाव कमी झाले, फेरफार मंजूर होत नाही, बांधावरून भांडण झाले, बँकेची जप्ती आली की माणूस प्रथम वकिलाच्या ओसरीवर येतो. अशा वीस वर्षांत तालुक्यातले जवळजवळ प्रत्येक गाव त्या वकिलाच्या फायलींमध्ये कुठे ना कुठे नोंदलेले असते. आमचे हे सहकारी तसेच होते. उमेदवारी मिळाली तेव्हा त्यांच्याकडे साधारण पावणेदोनशे प्रकरणे चालू होती, हाताखाली तीन वर्षांच्या सनदेचा एक कनिष्ठ वकील होता आणि एक जुना कारकून होता.

आमदाराने वकिली करावी की नाही, याबाबत कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियम ४९ नुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. खासदार व आमदार या नियमात बसतात का, हा प्रश्न अश्विनीकुमार उपाध्याय यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि २५ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की लोकप्रतिनिधी हे पूर्णवेळ पगारी नोकर नव्हेत, सबब त्यांच्या वकिलीवर हा नियम बंदी घालत नाही. आमच्या सहकाऱ्यांनी हा निकाल नीट वाचला होता. नामनिर्देशनपत्र भरण्याआधी त्यांनी नगर परिषदेच्या वकील पॅनेलचा राजीनामा दिला, नोटरीचे प्रमाणपत्र परत केले आणि सरकारी लाभाचे पद धारण करणाऱ्याला आमदारकीसाठी अपात्र ठरवणारा संविधानाचा अनुच्छेद १९१ समोर ठेवून स्वतःची प्रत्येक नेमणूक तपासून घेतली. माणूस काटेकोर होता, हे आधीच सांगितले पाहिजे. नाहीतर पुढे जे घडले त्याचे कारण निष्काळजी स्वभावात शोधले जाईल, आणि ते तिथे नाही.

मूळ दावा

वादी साठी ओलांडलेली विधवा होती. वडिलांच्या पश्चात भावांनी तिच्यापुढे हक्कसोडपत्राचा कागद ठेवला, तिने सही करण्यास नकार दिला आणि वडिलोपार्जित जमिनीत आपला हिस्सा मागण्यासाठी वाटपाचा दावा लावला. मुलीला जन्मतः सहदायिकाचा, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतील सहहिस्सेदाराचा, हक्क मिळतो, हा हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २००५ च्या दुरुस्तीचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनिता शर्मा प्रकरणात पक्का केला असला, तरी गावात भावाविरुद्ध दावा लावणाऱ्या बहिणीला माहेर तुटल्याची किंमत मोजावीच लागते. ती प्रत्येक तारखेला स्वतः येत असे आणि न्यायालयाच्या व्हरांड्यात खांबाजवळच्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन, पुकारा होईपर्यंत बसून राहत असे.

वकिलांनी दावा चांगला बांधला होता. जमीन हस्तांतरित करण्यास तात्पुरती मनाई मिळवली होती. इतकेच नव्हे, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ ला आपल्या राज्यात जी जुनी दुरुस्ती लागू आहे, तिच्यानुसार प्रलंबित दाव्याची नोटीसही, म्हणजे या जमिनीवर दावा चालू आहे आणि ती घेणारा निकालाने बांधला जाईल अशी सूचना, निबंधक कार्यालयात नोंदवली होती. हे काम अनेक वकील विसरतात. वादीच्या सरतपासाचे, म्हणजे तिच्या स्वतःच्या जबाबाचे, प्रतिज्ञापत्र दाखल झाले होते आणि उलटतपासासाठी तारीख नेमली होती. त्या तारखेला वादी हजर होती, प्रतिवादींचे वकीलही तयार होते, पण वादीचे वकील उमेदवारीच्या कामासाठी मुंबईत असल्याने मुदत अर्ज, म्हणजे तारीख पुढे ढकलण्याचा अर्ज, द्यावा लागला. प्रकरणातला हा पहिला निर्णयबिंदू, आणि त्या दिवशी तो कोणालाही निर्णय वाटला नाही.

समस्या

प्रचार चालू असताना वादीचे अल्पशा आजाराने निधन झाले. दहाव्या दिवशी नदीकाठी दशक्रिया होती. उमेदवार म्हणून आमचे सहकारी तिथे गेले, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून दोन शब्द बोलले, प्रवचन संपेपर्यंत थांबले आणि पुढच्या गावाला निघाले. कार्यकर्त्यांनी छायाचित्र काढून समाजमाध्यमांवर टाकले.

पुढे कागदपत्रे गोळा करताना दोन डायऱ्या माझ्यासमोर आल्या. एक दौऱ्याची, जी स्वीय सहायकाकडे असे. तिच्यात गावाचे नाव, त्यापुढे ‘दशक्रिया, सकाळी ९.३०’ आणि कुटुंबाचे आडनाव. दुसरी न्यायालयाची, कारकुनाच्या हातची. तिच्यात त्याच आठवड्यातल्या पानावर तेच आडनाव, दाव्याचा क्रमांक आणि पुढे ‘वादी उलटतपास’. दोन्ही डायऱ्या एकाच कार्यालयात, एका भिंतीच्या दोन बाजूंना ठेवलेल्या होत्या. पुढची खोली तोवर प्रचार कार्यालय झाली होती आणि बासनात बांधलेल्या फायली मागच्या खोलीत गेल्या होत्या.

कायद्याच्या दृष्टीने मृत्यूच्या दिवसापासून घड्याळ सुरू झाले होते. मृत वादीचे वारस अभिलेखावर घेण्याचा अर्ज मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद १२० प्रमाणे ९० दिवसांत द्यावा लागतो. तो न दिल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २२ नुसार दावा उपशमित होतो, म्हणजे निकालाविनाच संपतो, ज्याला आम्ही बोलताना ‘अबेट झाला’ म्हणतो, आणि त्याच कारणावरून नवा दावा लावता येत नाही. उपशमन रद्द करून घेण्यासाठी आणखी ६० दिवस मिळतात. शिवाय त्याच आदेशाच्या नियम १०-अ प्रमाणे आपल्या पक्षकाराच्या मृत्यूची माहिती मिळताच न्यायालयाला कळवणे हे वकिलाचे कर्तव्य आहे आणि तेवढ्यापुरता मृत पक्षकार व वकील यांच्यातील करार चालू असल्याचे मानले जाते. म्हणजे ते नदीकाठी उभे होते तेव्हा उमेदवार होते आणि वकीलही होते; वकिलाचे कर्तव्य त्याच क्षणी अंगावर आले होते.

निवडणूक जिंकली. मिरवणूक, शपथविधी, सत्कार, आणि लगेच नागपूरचे हिवाळी अधिवेशन. कनिष्ठ वकिलाला वादीच्या मृत्यूची कल्पना नव्हती. त्याने दोन तारखांना मुदत अर्ज दिले, आणि पहिल्यात ‘वादी आजारी असल्याने हजर राहू शकत नाही’ हे नेहमीचे कारण लिहिले. ज्या बाईचे दिवस होऊन गेले होते, तिच्या वतीने हा अर्ज अभिलेखावर आहे, आणि तो वाचताना मला आजही त्रास होतो.

वारसांनी कळवले का नाही, असे कोणीही विचारेल. त्यांच्या दृष्टीने कळवण्यासारखे काही उरलेच नव्हते. वकीलसाहेब स्वतः दारात येऊन गेले होते. त्यांच्यापासून लपलेले असे काय होते?

अधिवेशनाआधी विचारात घेतलेले पर्याय

निकालानंतरच्या आठवड्यात त्यांनी माझ्यासह दोन-तीन सहकाऱ्यांशी चर्चा केली होती, त्यामुळे कोणते पर्याय समोर होते हे मला ठाऊक आहे. राज्य विधिज्ञ परिषदेला कळवून वकिली स्थगित करावी, हा एक मार्ग होता. तो त्यांना नको होता आणि त्यांचे कारण मला पटण्यासारखे वाटले : पाच वर्षांनी जागा जाऊ शकते, आणि तालुक्यातली वकिली एकदा तुटली की पक्षकार दुसऱ्याच्या ओसरीवर स्थिरावलेले असतात. दुसरा मार्ग सर्व फायली ना हरकत देऊन परत करण्याचा. तिसरा, वकीलपत्र आपल्याच नावावर ठेवून कनिष्ठाने काम पाहण्याचा. चौथा मार्ग निवडक प्रकरणे ठेवून बाकीची सोडण्याचा होता.

हितसंबंधांचा जो भाग डोळ्यांना दिसत होता, त्यावर त्यांनी फार विचार केला. एका पाटबंधारे प्रकल्पात जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचे, १८९४ च्या भूसंपादन अधिनियमाच्या कलम १८ खालचे वाढीव मोबदल्याचे संदर्भ अर्ज त्यांच्याकडे होते. त्याच मोबदल्यावर सभागृहात तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, विचारावा, असा शेतकऱ्यांचा आग्रह होता. पण न्यायप्रविष्ट बाबीवर प्रश्न स्वीकारला जात नाही, आणि स्वीकारला गेला असता तरी विचारणाऱ्याची फी त्यात गुंतलेली असणे योग्य नव्हते. ही सर्व प्रकरणे त्यांनी शपथ घेण्यापूर्वीच दुसऱ्या वकिलाकडे दिली आणि अर्जित न झालेली फी परत केली. महसुली अपिलेही सोडली. पंचायत समितीच्या आमसभेत ज्या अधिकाऱ्याला सर्वांसमोर जाब विचारायचा, त्याच्यापुढे दुपारी पक्षकारातर्फे युक्तिवाद करायचा, हे त्यांना मान्य नव्हते. कायद्याने तशी मनाई असो वा नसो, समोरच्या पक्षकाराला न्याय मिळाला असे कधीच वाटले नसते, हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण बरोबर वाटते.

उरली साधी दिवाणी प्रकरणे. त्यांत कोणताही संघर्ष दिसत नव्हता, म्हणून ‘अधिवेशन संपले की बघू’ असे ठरले. प्रत्यक्षात तिसरा पर्याय कोणीही न निवडता अमलात आला.

उघडकीस आल्यानंतर

अर्थसंकल्पी अधिवेशन चालू असताना प्रतिवादींच्या वकिलांनी पुरसिस, म्हणजे न्यायालयाला माहिती देणारे लेखी निवेदन, दिली की वादी मयत असून मुदतीत वारस दाखल न झाल्याने दावा उपशमित झाला आहे. कनिष्ठ वकिलाने फोन केला तेव्हा मृत्यूला पाच महिन्यांहून अधिक काळ लोटला होता. मनाई हुकूम दाव्याबरोबर संपला होता आणि एका भावाने जमिनीच्या एका तुकड्याचे खरेदीखत त्रयस्थाला करून दिले होते.

आमदार शनिवारी गावी आले आणि वारसांना बोलावून घेतले. त्या बैठकीला मी हजर होतो. त्यांनी प्रथम सहज विचारल्यासारखे विचारले, “मला तेव्हाच का नाही सांगितलं?” मुलगा काही क्षण गप्प राहिला आणि म्हणाला, “साहेब, तुम्ही आईच्या दहाव्याला आला होतात.” त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यानंतर त्या खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

प्रतिज्ञापत्राचा प्रश्न

विलंब माफ करून उपशमन रद्द करण्याचा अर्ज द्यायचा, हे उघड होते. प्रश्न होता त्यात विलंबाचे कारण काय लिहायचे. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच.

कनिष्ठाने केलेल्या पहिल्या मसुद्यात नेहमीचे वाक्य होते : वारस अल्पशिक्षित असून त्यांना कायद्याचे ज्ञान नाही आणि वादीच्या मृत्यूची माहिती वकिलांना मिळाली नव्हती. अशी वाक्ये आम्ही इतकी लिहितो की हात आपोआप चालतो. पण इथे दुसरा भाग खोटा होता, आणि त्यावर सही वारसांची होणार होती. दुसऱ्या मसुद्यात सगळा दोष कनिष्ठावर होता. तो अर्धवट खरा होता, आणि म्हणून मला अधिक घातक वाटला. तिसरा मार्ग असा की आमदारांनी स्वतःचे स्वतंत्र प्रतिज्ञापत्र करावे आणि मृत्यूची माहिती दहाव्या दिवशी आपल्याला प्रत्यक्ष होती, तरीही न्यायालयाला कळवले नाही आणि वारसांनाही सल्ला दिला नाही, असे शपथेवर सांगावे.

त्यांच्या जवळच्या लोकांचा तिसऱ्या मार्गाला तीव्र विरोध होता. आमदाराने शपथेवर दिलेली चुकीची कबुली वर्तमानपत्रात जाणार, विरोधक पुढच्या निवडणुकीपर्यंत ती पुरवणार, आणि अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली तक्रार झाल्यास तोच कागद पुरावा ठरणार, ही भीती खोटी नव्हती. वारसांच्या वतीने माझी भूमिका अशी होती की वकिलाच्या चुकीची शिक्षा निष्पाप पक्षकाराला होऊ नये, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या रफिक विरुद्ध मुन्शीलाल प्रकरणात मांडले आहे, आणि विलंबमाफीकडे उदार दृष्टीने पाहावे हे १९८७ च्या कातीजी प्रकरणात. परंतु या दोन्हींचा आधार मिळण्यासाठी चूक नेमकी कोणाची हे आधी न्यायालयापुढे यायला हवे. मी त्यांना हेही स्पष्ट सांगितले की पहिल्या मसुद्यावर मी वारसांची सही घेणार नाही.

त्यांनी निर्णयाला बारा दिवस घेतले. या बारा दिवसांबद्दल मी त्यांना दोष देत नाही. तेराव्या दिवशी ते दोन पानांचे, स्वतः लिहिलेले प्रतिज्ञापत्र घेऊन आले. ‘वादी आजारी’ या अर्जाचाही त्यात उल्लेख होता आणि कनिष्ठाला माहिती न देण्याची जबाबदारी त्यांनी आपल्याकडे घेतली होती.

सुनावणीच्या दिवशी प्रतिवादींच्या वकिलांनी दशक्रियेच्या छायाचित्राची छापील प्रत काढून आणली होती. वकिलांना मृत्यू माहीत नव्हता, असे आम्ही म्हटले असते तर तो कागद तिथेच आमचा अर्ज संपवणारा ठरला असता. प्रतिज्ञापत्र वाचल्यावर त्यांनी तो फायलीत परत ठेवला.

निष्पत्ती

न्यायालयाने खर्च भरण्याच्या अटीवर विलंब माफ केला, उपशमन रद्द केले आणि मुलगा व मुलगी यांची नावे वादी म्हणून दाखल करून घेतली. खर्चाची रक्कम आमदारांनी भरली, मूळ फी पूर्ण परत केली आणि फाईल त्याच दिवशी माझ्याकडे सोपवली. फी थकली असली तरी वकिलाला पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही, हे आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० साली ठरलेले आहे. इथे तो प्रश्न आलाच नाही. वारसांनी विधिज्ञ परिषदेकडे तक्रार करण्याचा विचार केला होता. प्रतिज्ञापत्र वाचल्यानंतर त्यांनी तो सोडला. हा निर्णय सर्वस्वी त्यांचा होता. बातमी एका स्थानिक दैनिकात आली आणि आठवडाभर चर्चा झाली.

त्यानंतर दोन महिन्यांत आमदारांनी उरलेल्या प्रत्येक पक्षकाराला लेखी पत्र पाठवले, भेटीला बोलावले, आणि मोजकी अपिले वगळता सर्व वकीलपत्रे न्यायालयाच्या परवानगीने सोडली.

जे भरून आले नाही तेही नोंदवले पाहिजे. वादीचा उलटतपास आता कधीच होणार नाही, आणि उलटतपास न झालेल्या जबाबाला किती वजन द्यायचे हे न्यायालयाच्या विवेकावर राहिले. हक्कसोडीचा कागद कोणी, कुठे, कोणत्या शब्दांत पुढे केला हे तिच्याइतके कोणालाच माहीत नव्हते. जमीन घेणाऱ्या त्रयस्थाला प्रतिवादी म्हणून सामील करावे लागले. दावा उपशमित असताना झालेली खरेदी प्रलंबित दाव्याच्या तत्त्वाने बांधली जाते का, हा नवा वाद उभा राहिला, आणि तिथे वकिलांनी पूर्वी नोंदवलेली नोटीसच आज वारसांचा सर्वांत मोठा आधार आहे.

वेगळे काय करता आले असते

आमदारकी आणि वकिली यांवरची आपली सगळी चर्चा शपथविधीपासून सुरू होते. या प्रकरणात नुकसानीची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी, उमेदवारीच्या धावपळीत झाली. नामनिर्देशनपत्र भरण्यापूर्वी नगर परिषदेच्या पॅनेलचा विचार झाला, तसाच एक दिवस कारकुनाला घेऊन पावणेदोनशे फायलींवर बसायला हवे होते : कोणत्या प्रकरणात पुढच्या चार महिन्यांत मुदत संपते, कोणता पक्षकार वृद्ध किंवा आजारी आहे, कोणता पुरावा अर्धवट आहे. सहा-सात प्रकरणे वेगळी निघाली असती आणि त्यात हे नक्कीच असते.

वादीच्या वयाचा विचार करता उलटतपास पुढे ढकलण्याऐवजी त्या तारखेला दुसरा ज्येष्ठ वकील उभा करता आला असता. तेही जमत नसेल तर आयुक्त नेमून पुरावा नोंदवून घेण्याची सोय संहितेच्या आदेश १८ आणि २६ मध्ये आहे. तालुका न्यायालयात ती फारशी वापरली जात नाही, कारण तारीख मागणे सोपे असते.

कनिष्ठाला फायली मिळाल्या, पण पक्षकार मिळाले नाहीत. प्रत्येक पक्षकाराची त्याच्याशी ओळख करून देऊन ‘यापुढे काहीही घडले तर यांना कळवा’ इतके सांगितले असते, तर मुलगा दहाव्यानंतर आपसूक त्याच्याकडे गेला असता. आणि थोडे माझ्याविषयी : तो तरुण एकामागून एक मुदत अर्ज देताना मी त्याच न्यायालयात बसलेलो होतो, खांबाजवळचा बाक रिकामा असल्याचेही माझ्या लक्षात आले होते, आणि मी विचारले नाही.

आता आमदारांच्या कार्यालयात दौऱ्याच्या डायरीतली प्रत्येक सांत्वनपर भेट त्याच संध्याकाळी उरलेल्या प्रकरणांच्या यादीशी ताडून पाहिली जाते. हे काम तोच जुना कारकून करतो. दाव्यात खरेदीदाराची कैफियत, म्हणजे त्याचे लेखी उत्तर, दाखल झाली असून वादाचे जादा मुद्दे काढण्यासाठी तारीख नेमलेली आहे. मुलगी तारखेला येते आणि आईच्याच बाकावर बसते.